अनुभव : अर्धा कोयता

माझा बायोडाटा पडद्यावर होता. भिंतीएवढा मोठा. नावावर काळी पट्टी मारलेली होती, पण फोटोवर मारायची राहून गेली होती. सेमिनार हॉलच्या मागच्या रांगेत बसून मी माझाच चेहरा बघत होते. गालावरचा तीळ बशीएवढा दिसत होता.

कॉलेजात नोकरीचं बघणाऱ्या सरांनी लेझरचा लाल ठिपका फिरवत फिरवत एका ओळीवर आणून ठेवला.

"आता ही गंमत वाचा. अनुभव. काय लिहिलंय? अर्धा कोयता, चार हंगाम."

हॉल हसला. आधी पुढच्या रांगा हसल्या. मागच्यांना नीट वाचता आलं नव्हतं, पण पुढचे हसले म्हणून तेही हसले.

"अरे, अर्धा कोयता म्हणजे काय? आणि उरलेला अर्धा कुठं ठेवला?"

पुन्हा हसू. मग माझ्या पुढच्या बाकावरची वैष्णवी उठून उभी राहिली. वर्गातली मैत्रीण. कोल्हारची, प्रवरेकाठच्या बागायतदाराची मुलगी.

"सर, ते ऊसतोडीवाल्यांत असतं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस असलं की अर्धा. आमच्या उसात दरवर्षी येतात ते लोक."

ते लोक. कॉलेजची सगळी वर्षं तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मी खाल्ली होती. माझ्या घरचं काय ते तिनं कधी विचारलं नव्हतं आणि मी कधी सांगितलं नव्हतं. एवढं बोलून तिनं पडद्याकडं पाहिलं. फोटोकडं पाहिलं. मग मागं वळून माझ्याकडं. आणि खाली बसली.

"चला, ज्ञानात भर पडली," सर म्हणाले. "पण बाळांनो, हे कंपनीला कशाला सांगायचं? कंपनीत ऊस पिकतो का?"

मी बाकाखाली हात एकमेकांत अडकवून बसले. मला लाज वाटली. राग नंतर आला, बराच नंतर. आधी लाजच वाटली, आणि ती माझ्या बापाची वाटली. आज हे लिहिताना ते जास्त जळतं.

कार्यशाळेचं नाव होतं 'प्रभावी बायोडाटा'. पंधरा दिवस आधी सरांनीच व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला होता की कॉलेजमधून बाहेर पडलेल्या मुलामुलींनी आपापला बायोडाटा पाठवावा, जे काम केलं असेल ते सगळं लिहावं, काही लपवू नये. मी मेसेज तीनदा वाचला. लपवू नये असं मला त्याआधी कुणी म्हटलंच नव्हतं. शाळेत, कॉलेजात, एसटीत, जिथं जावं तिथं आम्ही लपवतच आलो होतो. म्हणून मी लिहिलं. आनंदानं लिहिलं, खरं सांगते. बी.कॉम. टायपिंग, मराठी आणि इंग्रजी. आणि अनुभव.

आमचं गाव कर्जत तालुक्यात, पार पूर्वेला. पाऊस आमच्याकडं नुसता तोंड दाखवायला येतो. दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. दादा, म्हणजे माझे वडील, आणि आई दरवर्षी टोळीबरोबर राहुरी-कोल्हारच्या पट्ट्यात ऊस तोडायला यायचे. मी बारावीत होते तेव्हा मोळी उचलताना आईच्या कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं. त्यानंतर तिला दोन हातांचा आधार घेतल्याशिवाय उभं राहता आलेलं नाही. जोडी मोडली. दादा अर्धा कोयता झाले. टोळी जमवणाऱ्या मुकादमाला अर्धे कोयते आवडत नाहीत, कारण गाडी वेळेवर भरत नाही. दुसरा अर्धा मी झाले.

कॉलेज मी राहुरीत घेतलं त्याचं कारण हेच. सहा महिने आम्ही तसेही इकडंच असायचो. पावसाळ्यात मी मावशीकडं राहायची. ती एका वसतिगृहाच्या खानावळीत चपात्या लाटते. हंगामात फडाजवळ, पाचटाच्या झोपडीत, कोपीत. तोडणीला सुट्टी असेल त्या दिवशी वर्गात जायचं, लांब बाहीचा ड्रेस घालायचा, म्हणजे उसाच्या पात्यांनी कापलेले हात दिसत नाहीत. बारावीचं एक वर्ष आणि बी.कॉम.ची तीन. असे चार हंगाम. खोटं काय होतं त्यात?

कार्यशाळा संपल्यावर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. ते खरंच ओशाळले होते. खुर्ची दिली, चहा मागवला.

"फोटोचं लक्षात आलं नाही गं माझ्या. मनाला लावून घेऊ नकोस. आता बस, आपण तुझा बायोडाटा असा करू की कंपनी तुला शोधत येईल."

सर वाईट माणूस नव्हते. हे मला आधीच सांगून टाकलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला सोपं जाईल. त्यांचे आजोबा शिक्षक, वडील कचेरीत मोठे कारकून, घरात तीन पिढ्या कागद नीट लिहिणाऱ्यांच्या. कुठं काय लिहायचं आणि कुठं गप्प राहायचं हे त्यांना दुधाबरोबर मिळालेलं. ते ज्ञान ते मला फुकट देत होते. वरून चहा.

पहिला गेला पत्ता. माझ्या वस्तीचं नाव वाचलं की माणसाला आमची जात कळते, वेगळी विचारावी लागत नाही. सरांनी ते नाव खोडून राहुरीतल्या स्वतःच्या घराचा पत्ता घातला. "पत्रव्यवहाराला बरं पडतं," म्हणाले.

मग वडिलांचा व्यवसाय.

"शेतकरी लिहू."

"सर, आमाला जमीन न्हाई."

"थोडीफार असेल ना? अर्धा एकर?"

"न्हाई."

"घरामागं काहीतरी लावलं असेल."

"मोरीच्या पान्यावर आळू हाय."

"मग झालं. शेतकरी."

असा माझा बाप आळूच्या चार पानांवर शेतकरी झाला. जन्मभर दुसऱ्याच्या रानात वाकलेल्या माणसाला सरांनी एका क्लिकमध्ये खातेदार केलं. मला हसू आलं होतं, ते मी चहाबरोबर गिळलं.

छंदात मी 'विहिरीत पोहणे' लिहिलं होतं. ते गेलं, 'वाचन, संगीत ऐकणे' आलं. मग स्वतःमधला एक दोष लिहायचा होता. सर म्हणाले, दोष असा लिहायचा की वाचणाऱ्याला तो गुणच वाटला पाहिजे. त्यांनी लिहिलं, 'काम हाती घेतलं की तहानभूक विसरते.' मी तो दोष वाचला. तहानभूक विसरते असं लिहायचं. ती कुठं विसरायला शिकले, ते लिहायचं नाही.

शेवटी ती ओळ. सरांनी ती निळी केली आणि बटण दाबलं. चार हंगाम गेले. त्या जागी 'संगणक प्रशिक्षण व कौटुंबिक जबाबदारी' आलं.   नोकरी मला पाहिजे होती. मला ती इतकी पाहिजे होती की त्यांनी माझा बाप खोडला असता तरी मी मान हलवली असती. जवळजवळ तेच झालं होतं.

फोटोसाठी त्यांनी मला स्टेशन रोडच्या एका स्टुडिओत पाठवलं. तिथं खुंटीला एक काळा कोट लटकवलेला असतो, नोकरीचा फोटो काढायला येणाऱ्या सगळ्यांसाठी एकच. माझ्या आधीच्या मुलानं तो काढला आणि मी घातला. आतून ओला होता. कॉलरला दुसऱ्या कुणाच्या तरी पावडरचा वास. पाठीमागं कोट मोठा होत होता, म्हणून फोटोवाल्यानं त्याला कपडे वाळत घालायचे दोन चिमटे लावले. पुढून एकदम कडक दिसत होते मी.

दसऱ्याला मी गावी गेले. मुकादम आला होता. दारातल्या बाजेवर बसून सुपारी कातरत होता.

"काय मग, दोगं येनार ना औंदा?"

दादा म्हणाले, "पोरीचं नोकरीचं चाललंय. ते ठरू द्या."

"बीकाम झाली म्हनं. लई चांगलं. मोळ्या मोजायला बरं." तो आपल्याच विनोदावर हसला. "पर मला दिवाळीच्या आत शब्द पायजे. न्हाईतर दुसरी जोडी बगतो. मागनं पाया पडू नका."

तो गेल्यावर आई आतून भिंत धरत बाहेर आली. "पोरीला नको आता," म्हणाली. "मी येती. बसून बसून मोळ्या बांधीन."

दादांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिला ओसरीची एक पायरी उतरता येत नव्हती आणि ती उसाच्या फडात यायचं म्हणत होती. मला नोकरी लागली तर दादा घरी राहतील, आईला पडून राहता येईल. नाही लागली तर मी जाईन, आणि मी नाही गेले तर ही जाईल. सगळं माझ्या त्या कोटातल्या फोटोवर येऊन थांबलं होतं. मी रोज मोबाईलवर तो उघडून बघायची. ती फोटोतली मुलगी मला नोकरी मिळवून देणारच असं वाटायचं. माझ्यापेक्षा तिच्यावर माझा जास्त विश्वास होता.

त्याच आठवड्यात सरांचा फोन आला. नगरच्या एमआयडीसीत ठिबकच्या नळ्या बनवणारी एक कंपनी होती, ऑफिसात टायपिंग येणारी मुलगी हवी होती, तिथला मॅनेजर सरांचा वर्गमित्र.

"तुझा नवा बायोडाटा त्याला फार आवडला. सोमवारी मी त्याच्याशी शेवटचं बोलतो. आणि ऐक, शनिवारी कर्जतच्या एका कॉलेजात माझी कार्यशाळा आहे. तूही ये. पाच मिनिटं बोल. मुलांना समोर उदाहरण दिसलं की विश्वास बसतो."

शनिवार आणि सोमवार त्यांनी एका दमात सांगितले. त्यात अट आहे असं ते कधीच म्हणाले नसते. मलाही ती ऐकू आली नाही असं मी दाखवलं. "येते सर," म्हटलं.

मी राहुरीला मावशीकडं परत आले होते, तिथून त्यांच्या गाडीनं निघालो. नगर मागं पडलं, मिरजगाव आलं. वाटेत सर बोलत होते. त्या कार्यशाळेला आता मागणी वाढली होती. श्रीरामपूर झालं, नेवासा झालं. "तुझी केस सगळ्यांना आवडते," म्हणाले.

"माजी केस?"

"अगं, आधी आणि नंतर. तुझा जुना बायोडाटा दाखवतो, मग नवा दाखवतो. टाळ्या पडतात. फोटोवर पट्टी लावली आहे आता, काळजी करू नकोस."

म्हणजे त्या दिवशी हॉलमध्ये जे झालं ते संपलंच नव्हतं. गावोगाव चालू होतं. मी मावशीकडं बसून नोकरीची वाट बघत होते तेव्हा श्रीरामपूरला हसत होते, नेवाशाला हसत होते. मी खिडकीबाहेर बघत राहिले. उतरायला सांगावं असं वाटलं. पण उतरून कुठं जाणार? गाडी त्यांची, सोमवार त्यांचा.

कर्जतचा हॉल भरलेला होता. माझ्या तालुक्यातली पोरं. चेहऱ्यांवरूनच कळत होतं कोण कुठलं. पुढं इस्त्रीचे शर्ट, मागं चुरगळलेले. मागच्या पोरींच्या बाह्या लांब होत्या. सगळ्यांनी आपापले बायोडाटा लिहून आणले होते, मांडीवर ठेवले होते. सरांनी मला पहिल्या रांगेत कडेला बसवलं.

पडदा लागला. 'आधी'. नावावर पट्टी, फोटोवर पट्टी. लाल ठिपका त्याच ओळीवर गेला.

"अनुभव. अर्धा कोयता, चार हंगाम. आता उरलेला अर्धा कुठं गेला, ते विचारू नका!"

विनोद पाठ झाला होता. 'विचारू नका'च्या आधी किती थांबायचं तेही ठरलेलं होतं. हॉल हसला. मी हसणाऱ्यांकडं बघायचं नाही असं ठरवून मागं वळले आणि मागच्या रांगांकडं बघत राहिले. तिथलेही काहीजण हसत होते, जरा जास्तच जोरात. आणि हसता हसता त्यांचे हात मांडीवरच्या कागदावर गेले. एका पोरीनं पेन काढलं आणि खाली मान घालून एक ओळ खोडली. आडवी रेघ, परत आडवी रेघ, कागद फाटेस्तोवर. तिच्या शेजारच्या पोरानं खोडली. त्याच्या मागच्यानं खोडली. त्या हॉलात एकदम कितीतरी पेनं चालायला लागली.

कुणाची आई खोडली जात होती, कुणाचा बाप. वीटभट्टी, मेंढरं, धुणीभांडी, ऊस, काय असेल ते. कुणी सांगितलं नव्हतं खोडा म्हणून. पडद्यावरच्या माझ्या ओळीकडं बघून खोडत होते.

तेव्हा राग आला.  सरांचा आला, त्याहून जास्त माझा आला. इतके दिवस मला वाटत होतं की मी एकटी हसू सहन करतेय, सहन केलं की सुटेन. मी एकटी नव्हते. मला पुढं करून हे सगळं चाललं होतं.

पडदा बदलला. 'नंतर'. काळा कोट, पांढरी भिंत. शेतकऱ्याची मुलगी, वाचनाची आवड. इथं फोटोवर पट्टी नव्हती. टाळ्या पडल्या.

"आणि ही ताई आज आपल्यात आहे. सोमवारपर्यंत एका चांगल्या कंपनीत असेल. ये, बोल दोन शब्द."

मी माईकपाशी गेले.  आदल्या रात्री पाठ केलेलं भाषण तोंडाशी आलं होतं, त्यात सरांचे आभार दोनदा होते. समोर ती पोरगी बसली होती, खोडलेला कागद उलटा करून.

मी आधी माझं नाव सांगितलं. पट्टीखालचं. आडनावासकट, गावासकट, वस्तीसकट. मागच्या रांगेत कुणीतरी दचकून वर बघितलं, ते नाव त्यांच्या वस्तीचंही असेल.

मग म्हणाले, "पहिला बायोडाटा माझा हाय. हा कोटातला सरांचा हाय. कोट स्टुडिओचा हाय, पाठीमागनं चिमटे लावल्यात. माज्या बापाला जमीन न्हाई. आमी ऊस तोडतो. ह्याच्यात हसन्यासारखं काय हाय ते मला कुनीतरी सांगा. पट्टीकडं बगून हसू नका, माज्याकडं बगून हसा."

कुणी हसलं नाही. कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत, हे सांगितलं पाहिजे. अशा वेळी टाळ्या पडतात असं लोकांना वाटतं.  नुसता पंख्याचा आवाज.

मी सरांकडं वळले. "सर, माजा बायोडाटा परत लावायचा न्हाई. हितं न्हाई, कुठंच न्हाई. आधीचा बी न्हाई, नंतरचा बी न्हाई."

सरांनी पडदा बंद केला. चेहरा पांढरा पडला होता. कॉलेजच्या कुणीतरी घाईघाईनं पुढं येऊन चहाची सुट्टी जाहीर केली.

परतीच्या वाटेवर मिरजगाव आलं. गाडी चालवता चालवता सर म्हणाले, "मी तुझं वाईट केलं का?"

 वाईट केलं नव्हतं. चहा दिला, पत्ता दिला, वर्गमित्राला फोन केला. वाईट केलं असतं तर मी पहिल्याच दिवशी निघून गेले असते. त्यांनी भलंच केलं होतं, आणि त्या भल्यातून बाहेर पडायला दार ठेवलं नव्हतं.

"चारचौघांत माझी शोभा केलीस," ते म्हणाले. "तुझ्यासाठी मी शब्द टाकला होता. आता कुठल्या तोंडानं फोन करू?"

"माजी शोभा तर गावोगाव झाली, सर."

"ती पट्टी लावून केली होती," ते म्हणाले. हे त्यांनी अगदी मनापासून म्हटलं. त्यांना फरक दिसत होता.

नगरच्या माळीवाड्याच्या स्टँडवर मी उतरले. सोमवारी फोन आला नाही. मंगळवारीही नाही. मी स्वतः कंपनीत फोन लावला तर कळलं की जागा भरली.

गावी जाऊन दादांना सगळं सांगितलं तेव्हा ते चिडले. मला वाटलं होतं बापाला अभिमान वाटेल. नाही वाटला.

"बोलायचं काय नडलं हुतं तुजं? हसू द्यायचं. हसल्यानं अंगाला भोकं पडत्यात व्हय? तुज्या आयच्या कमरंचा इचार केला न्हाई तू."

"तुमच्यावर हसत हुते दादा."

"मला कुठं ऐकू येत हुतं तितं?" ते म्हणाले आणि उठून बाहेर गेले.  त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. माझ्या एका वाक्याची किंमत त्यांच्या पाठीला पडणार होती, माझ्या एकटीच्या नाही.

आई बाजेवर पडून ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, "मग, परत हसले का?"

"न्हाई."

"बरं झालं," ती म्हणाली. मग कूस बदलायला तिनं माझा हात मागितला.

दिवाळीच्या आत मुकादमाला शब्द दिला. मीच दिला. तो हसून म्हणाला, "शिकून काय झालं मग?" मी त्याच्याकडं बघत राहिले. तो सुपारी कातरायला लागला.

हे मी कोल्हारच्या शिवारातून लिहितेय, मोबाईलवर, दुपारची गाडी भरून गेल्यावर. दादा कोपीत आडवे झालेत. माझी बोटं चिकट आहेत, स्क्रीन नीट चालत नाही. हा पाचवा हंगाम. मी सुटलेली नाही. कुणाला असं वाटत असेल की बोलून टाकलं म्हणजे सुटका झाली, तर त्यानं एकदा फडात येऊन बघावं. वैष्णवीच्या घरचा ऊस अजून आमच्या टोळीला आलेला नाही. येईल. येऊ दे. तिथं ओळख लागू नये म्हणून बांधायची ते फडकं ह्या वेळी मी तोंडाला बांधणार नाही.

सरांना मी परवा फोन केला. विचारलं, "ते काढलं का?" ते म्हणाले, काढलं. मी म्हणाले, "मी कुनाला तरी तुमच्या कार्यशाळेत पाठवून बघनार हाय." त्यांनी फोन ठेवला. मी पाठवणार आहे. मावशीच्या खानावळीत जेवणाऱ्या पोरी प्रत्येक कॉलेजात आहेत.

आणि मी नवा बायोडाटा केलाय. एकच पान. नाव, आडनाव. पत्ता, वस्तीच्या नावासकट. वडिलांचा व्यवसाय ऊसतोड मजूर, आईचा ऊसतोड मजूर, कमरेच्या दुखापतीमुळे बंद. शिक्षण, टायपिंग. छंद, विहिरीत पोहणे. फोटो दादांनी काढला, उसाच्या गाडीपुढं उभं करून. त्यात मी माझ्याच कपड्यांत आहे. अनुभवात पहिली ओळ तीच, फक्त चारचे पाच झालेत.

हा बायोडाटा मी नगरला पाठवलाय, श्रीरामपूरला पाठवलाय, पुण्यालाही. बहुतेकांचं उत्तर आलेलं नाही. एकानं फोन करून विचारलं की ती कोयत्याची ओळ काढून पाठवता का, बाकी सगळं चांगलं आहे. पगार बरा होता. दादा समोरच बसले होते, ऐकत होते. आईची औषधं संपत आली होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी नाही म्हणाले. दादांनी मान खाली घातली आणि कोयत्याला धार लावायला घेतली. ह्या वेळी रागावले नाहीत. 

मी अर्ज करत राहणार आहे. ह्या हंगामात, पुढच्या हंगामात, लागतील तेवढे. नोकरी मी घेणार आहे, आणि ह्याच कागदावर घेणार आहे. ज्याला ती ओळ वाचून हसायचं असेल त्यानं मला समोर बसवून हसावं. आणि ज्याला ती ओळ चालत नाही, त्याची नोकरी मला चालत नाही.